लाखेच्या तबकड्यांतला पियानो

चार्ली कुंझ हे नाव आज फारसे ऐकू येत नाही. एके काळी मात्र ब्रिटनमधील घराघरांत त्यांच्या पियानोच्या तबकड्या वाजत असत.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ॲलनटाउन येथे १८९६ मध्ये एका बेकरीवाल्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९२२ मध्ये ते लंडनला आले आणि तेथेच रमले. पुढे कसानी क्लबच्या वाद्यवृंदाचे ते प्रमुख झाले. १९३५ मध्ये तरुण व्हेरा लिन याच वृंदासोबत गायल्या.

याच दशकात 'डेक्का'साठी त्यांनी लोकप्रिय गाण्यांच्या मेडली ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला. दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे. तेवढ्यात ते तीनेक चाली हळुवारपणे गुंफत.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या जर्मन वळणाच्या नावाने घात केला. पियानोतून ते शत्रूला मोर्स संकेत पाठवतात, अशी अफवा पसरली. ती सर्वस्वी निराधार होती. ध्वनिमुद्रण सुरूच राहिले. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले.

या मेडलींना ओळीने क्रमांक दिलेले असल्याने संग्रहातली उणीव चटकन ध्यानात येते. सूची करताना लेबलावरील क्रमांक, गाण्यांची नावे आणि लेबलालगत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक नोंदवावा लागतो. या तबकड्यांतील लाख मुख्यत्वे भारतातल्या जंगलांतून जात असे. तबकडी मात्र ठिसूळ. हातून निसटली की तिचे तुकडेच होतात. म्हणूनच प्रत्येक नोंद मोलाची ठरते.