शनीच्या कड्यांतून पलीकडे पाहणारे कॅप्टन जेकब

रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत माझ्याकडून नेहमीचा मास्तरकीचा लेख येणार, हे सभासदांनी धरलेलंच असेल. आपल्याकडे शनी म्हटलं की साडेसाती. दारव्ह्यात आपल्या गच्चीवरून तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पण कडी दिसायला दुर्बीण लागते. 1675 साली पॅरिसच्या वेधशाळेत कॅसिनीला त्या कड्यांमध्ये एक काळी फट दिसली. ती सुमारे 4,800 किलोमीटर रुंद आहे, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी अंतराच्या दीडपट! फटीच्या आतल्या काठाशी असलेले कण शनीभोवती दोन फेऱ्या मारतात, तेवढ्यात मायमस हा चंद्र एक मारतो. त्याची ओढ दर वेळी त्याच जागी बसते आणि तिथले कण हुसकले जातात.

मला सांगायचंय ते मात्र विल्यम स्टीफन जेकब यांच्याबद्दल. जन्म 1813, इंग्लंडातला. 1831 साली कंपनीच्या मुंबई इंजिनियर्समध्ये आले, भूमापनाच्या मोठ्या मोहिमेत राबले. नोकरी सांभाळून 1842 मध्ये पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारली आणि पाच फुटी दुर्बिणीतून 244 जोडताऱ्यांची यादी केली. पदरच्या खर्चाने हो! पुढे मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. तिथे 1852 मध्ये शनीच्या आतल्या अंधुक कड्यातून त्यांना चक्क ग्रहाची कडा दिसली. त्याच सुमारास लॅसेल यांनाही हेच दिसलं. कडं म्हणजे घट्ट तबकडी असती तर पलीकडचं कसं दिसलं असतं? कडी सुट्या कणांचीच असणार, हे मॅक्सवेल यांनी 1859 मध्ये गणिताने दाखवलं.

त्याच वर्षी जेकब यांनी आजारपणामुळे मद्रासची नोकरी सोडली. दुसरा कोणी इंग्लंडात स्वस्थ बसला असता. यांच्या डोक्यात मात्र पुण्याजवळच्या डोंगरावर, स्वच्छ हवेत, मोठी वेधशाळा. तिथली सरकार एक हजार पौंड द्यायला तयार झालं. नऊ इंची दुर्बीण त्यांनी स्वतःच विकत घेतली. तीन वर्षं काम करायचं ठरवून 8 ऑगस्ट 1862 ला ते मुंबई बंदरात उतरले. आठच दिवसांनी, 16 ऑगस्टला, ऐन पावसाळ्यात ते पुण्यात वारले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्या दुर्बिणीतून पुण्याचं आकाश पाहायचं त्यांचं राहूनच गेलं.