छायाचित्रकार लुइस हाइन

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे राजे, सेनापति, संशोधक व कवि हेच बहुधा आपल्यासमोर उभे राहतात. खांद्यावर कॅमेरा घेऊन गिरण्यांच्या व खाणींच्या दारांशीं ताटकळणारा शाळामास्तर त्या मालिकेंत क्वचितच आढळतो. अशाच एका शिक्षकाचा परिचय आम्ही आज आमच्या वाचकांस करून देणार आहों.

लुइस विक्स हाइन यांचा जन्म २६ सप्टेंबर १८७४ रोजीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत, ऑशकॉश या गांवीं झाला. १८९२ सालीं वडील अपघातांत निवर्तले आणि कुटुंबाचा भार तरुण लुइसवर पडला. खुर्च्या-कोचांना गाद्या बसविण्याच्या कारखान्यांत त्यांनीं अल्प वेतनावर कष्ट उपसले. मजुराचा दिवस किती लांब असतो, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. पुढें काम करीत करीतच त्यांनीं शिक्षण घेतलें, व १९०१ सालीं ते न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्यें सृष्टिनिरीक्षण व भूगोल शिकवूं लागले.

शाळेच्या उपयोगासाठीं म्हणून त्यांनीं कॅमेरा हातीं घेतला. १९०४ पासून ते न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावर जाऊं लागले. युरोपांतून आलेले हजारों निर्धन लोक तेथें उतरत. त्या गर्दींत तिवई रोवावयाची, भाषा येत नसतां खुणांनींच त्या लोकांस स्थिर उभें करावयाचें, आणि मग मॅग्नेशियमची पूड पेटवून तिच्या क्षणिक उजेडांत चित्र घ्यावयाचें, असें तें काम होतें. चित्रशाळेंतील रंगविलेल्या पडद्यापुढें मनुष्याचा चेहरा तेवढा दिसतो. त्याचें गाठोडें, त्याचा बांक आणि त्याच्यामागील जाळीचें दार हींही चित्रांत आलीं, तर त्याची सारी अवस्था दिसते. हें मर्म हाइन यांस येथें उमगलें.

त्या काळीं अमेरिकेंत बालमजुरीचा प्रश्न बिकट झाला होता. १९०० सालच्या खानेसुमारींत दहा ते पंधरा वर्षें वयाचीं सुमारें साडेसतरा लाख मुलें मजुरी करीत असल्याचें आढळलें होतें. परंतु आंकडे वाचून कोणाची झोंप उडत नाहीं. म्हणून राष्ट्रीय बालश्रम समितीनें १९०८ सालीं हाइन यांस पूर्ण वेळ नेमलें. शाळेंतील नोकरी सोडून ते देशभर हिंडूं लागले.

त्यांची पूर्वतयारी अभ्यासण्याजोगी आहे. मालक आंत येऊं देत नसत. तेव्हां कधीं आगीच्या बंदोबस्ताचे तपासनीस, कधीं पोस्टकार्डांचे विक्रेते, तर कधीं यंत्रांचीं चित्रें घेणारे म्हणून ते प्रवेश मिळवीत. प्रवेश न मिळाल्यास पाळी बदलण्याच्या वेळीं फाटकापाशीं थांबत. आपल्या जाकिटाची कोणती गुंडी जमिनीपासून किती उंच आहे हें त्यांनीं मोजून ठेवलें होतें. त्यामुळें मूल शेजारीं उभें राहतांच त्याची उंची कळे. मुलाचें नांव, वय व कामाचे तास विचारून ते खिशांतल्या खिशांतच टिपून घेत. कॅमेरा ते पुष्कळदां मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणीत. उजेडाची पूड एकदां पेटली कीं धूर दाटे, व दुसरी संधि मिळेलच अशी शाश्वति नसे; म्हणून मूल कोठें उभें राहील व यंत्राचा किती भाग दिसेल, याचा विचार आधींच झालेला असावा लागे.

वेष पालटून आंत शिरणें उचित कीं अनुचित, याविषयीं मतभेद होईल. आम्हांस मात्र एवढें दिसतें कीं, दाराशीं वेष घेणाऱ्या या गृहस्थानें चित्रांत व टिपणांत खोटेपणा शिरूं नये म्हणून अतोनात काळजी घेतली. एक वय चुकीचें ठरलें असतें, तर मालकांनीं सारींच चित्रें खोटीं म्हटलीं असतीं.

१९०८ सालीं दक्षिण कॅरोलिनांतील लँकेस्टर येथें घेतलेलें एक चित्र पहा. चात्यांच्या लांबच लांब रांगेपाशीं अवघी अठ्ठेचाळीस इंच उंचीची मुलगी उभी आहे. तिच्या मुद्रेवर आक्रोश नाहीं. पण ती रांग संपतां संपत नाहीं, आणि पाहणाऱ्याचें मन आपोआप हिशेब करूं लागतें. १९११ मधील पेन्सिल्व्हेनियाच्या चित्रांत कोळशांतून दगड वेंचणारीं मुलें काळ्या धुळीनें माखलेलीं आहेत.

हीं चित्रें मासिकांतून, पत्रकांतून व प्रदर्शनांतून लोकांपुढें आलीं. १९१२ सालीं सरकारनें मुलांच्या हितासाठीं स्वतंत्र खातें स्थापिलें. १९१६ चा बालमजुरीविरुद्धचा कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९१८ सालीं रद्द ठरविला; तथापि चळवळ थांबली नाहीं. अखेर १९३८ च्या कायद्यानें कारखान्यांत व खाणींत सोळा वर्षांखालील मुलांस राबविण्यास मनाई झाली. हें श्रेय एकट्या हाइन यांचें नव्हे. पण ज्यांनीं लोकांचे डोळे उघडले त्यांत त्यांचें स्थान वरचें आहे.

१९३०-३१ सालीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, एम्पायर स्टेट इमारतीच्या उंच तुळयांवर चढून त्यांनीं तेथील कामगारांचीं चित्रें घेतलीं. परंतु पुढें कामें मिळेनाशीं झालीं, राहतें घरही हातचें गेलें, आणि ३ नोव्हेंबर १९४० रोजीं दारिद्र्यांतच त्यांचा अंत झाला. ज्यांच्या चित्रांची तेव्हां उपेक्षा झाली, त्यांचींच पांच हजारांहून अधिक बालमजुरीचीं चित्रें आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत जतन केलेलीं आहेत.

आतां कॅमेरा घरोघरीं आहे. आम्हां विद्यार्थ्यांच्या हातींही तो येतो, व आपण हंसऱ्या मित्रांचीं चित्रें हौसेनें घेतों. तें अवश्य घ्यावें. परंतु शाळेच्या वेळीं चहाच्या दुकानांत कपबशा विसळणारा आपल्याच वयाचा मुलगा दिसला, तर क्षणभर थांबून त्याच्या सभोंवार काय आहे तें नीट पाहावें. हाइन यांची खरी विद्या त्या पाहण्यांत होती. कॅमेरा हें तिचें साधन होतें.