गुरुत्वाकर्षणाचे उपासक : प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर

कलबुर्गीच्या गादीवरील फिरोजशहा बहमनीने १४०७ च्या सुमारास दौलताबादेजवळ वेधशाळा बांधावयास घेतली होती. ती अपुरीच राहिली. आकाशाची ओढ दख्खनला नवी नाही. मात्र सापेक्षता सिद्धांताची शाळा एका मराठी गणितज्ञाने उभारली ती दख्खनपासून दूर, गंगातीरी.

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले व १९३० साली रँग्लर झाले. एडिंग्टनसारख्यांच्या सहवासात संशोधन चालू असतानाच पंडित मदनमोहन मालवीयांनी त्यांना काशी हिंदू विश्वविद्यालयात येण्याची गळ घातली. केंब्रिज म्हणजे त्या काळी या विद्येचे माहेरघर. ते सोडून अध्यापन आणि विभागाचा कारभार अंगावर घेणे, हा संशोधकाच्या दृष्टीने तोट्याचाच सौदा. १९३२ मध्ये, ऐन तारुण्यात, नारळीकरांनी तो पत्करला आणि १९६० पर्यंत निभावला.

१९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण पत्नी व लहान मुलीसह त्यांच्याकडे शिकावयास आले. गाठीच्या पैशांवर त्यांनी काशीत दहाएक महिने काढले. श्वार्झशिल्डचे १९१६ चे सूत्र प्रकाश न देणाऱ्या ताऱ्याचे होते. खरा तारा तर प्रारण फेकीत वस्तुमान गमावीत असतो. गुरूंनी पुढे ठेवलेल्या या प्रश्नाचे वैद्यांनी काढलेले उत्तर १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धाच्या त्या धामधुमीत अशा गणिताचा उपयोग काय, असे कोणासही वाटले असते. पुढे १९६३ मध्ये क्वेसार ओळखले गेले, कोसळणाऱ्या महाकाय वस्तूंचा विचार सुरू झाला आणि वैद्यांचे सूत्र जगभर वापरात आले.

योगायोग असा की, नारळीकर काशीस रुजू होत होते त्याच सुमारास अमेरिकेत कार्ल जान्स्की हा अभियंता धनु राशीच्या दिशेने येणारी रेडिओ खरखर ऐकत होता. त्याच दिशेला, आकाशगंगेच्या केंद्रात, सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याचा नेमका रेडिओ स्रोत १९७४ मध्ये सापडला. हे विवर जवळजवळ उपाशी आहे. त्यात पडणारा वायू तुटपुंजा व विरळ. तो तापतो, पण क्वेसारासारखा झगमगत नाही. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे त्यातील इलेक्ट्रॉन मात्र रेडिओलहरी सोडतात. शेजारच्या एम ८१ दीर्घिकेच्या केंद्रातही असाच मंद स्रोत आहे. प्रकाशाच्या दुर्बिणीला जे भोवतालच्या ताऱ्यांच्या उजेडात हरवते, ते रेडिओ दुर्बिणीस गवसते. विवराभोवतीच्या या साऱ्या घडामोडींमागचे गुरुत्वाकर्षण सापेक्षतेच्याच समीकरणांनी मांडावे लागते. काशीच्या वर्गांत नारळीकरांनी शिकविली ती हीच समीकरणे.

राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सहा वर्षे सांभाळून १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक अध्यासनावर आले व १९७३ पर्यंत तेथे होते. पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. पुत्र जयंत (१९३८–२०२५) यांनी पित्याचीच विद्या पुढे नेली. आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र या दोन्ही संस्था पुढे याच विद्यापीठाच्या आवारात आल्या. १ एप्रिल १९९१ रोजी नारळीकर निवर्तले, तेव्हा जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या दुर्बिणीचे काम चालू होते.