मेरियन डेव्हिस : विनोदी नटीचे चरित्र आणि कल्पिताची छाया

व्यक्तीचे प्रत्यक्ष जीवन आणि तिच्यावरून बेतल्याचे मानले गेलेले कल्पित पात्र यांपैकी लोकस्मृतीत पुष्कळदा पात्रच टिकून राहते. अमेरिकन चित्रपट-अभिनेत्री मेरियन डेव्हिस (१८९७–१९६१) हे याचे ठळक उदाहरण होय.

ब्रुकलिन येथे जन्मलेली मेरियन समूहनर्तिका म्हणून रंगभूमीवर आली व १९१६ साली झिगफेल्ड फॉलीजमध्ये दाखल झाली. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट तिच्याहून ३४ वर्षांनी मोठे आणि विवाहित होते. तिच्या चित्रपटांसाठी त्यांनी पैसा व आपल्या पत्रांतील रकाने मुक्तहस्ते खर्ची घातले. त्यांना ती भरजरी ऐतिहासिक पटांची भारदस्त नायिका म्हणून हवी होती. तिचा पिंड मात्र नकलाकाराचा होता.

या विसंगतीचे मर्म किंग व्हिडर दिग्दर्शित 'शो पीपल' (१९२८) या मूक प्रणयविनोदिकेत सापडते. जॉर्जियाहून हॉलिवूडला आलेल्या पेगी पेपरला गंभीर अभिनेत्री व्हायचे असते; पण वाट्याला येतात धांगडधिंग्याचे विनोदपट आणि बिली बून या विदूषकाचे प्रेम. पुढे ती 'उच्च कले'च्या चित्रसंस्थेत जाते, नाव बदलते, बिलीला विसरते आणि एका तोतया सरदाराशी विवाहास उभी राहते. बिली तिला भानावर आणतो. एका प्रसंगी पेगीला खुद्द मेरियन डेव्हिस दिसते आणि ती नाक मुरडते! या दुहेरी भूमिकेत अभिनेत्रीने स्वतःच्या लादलेल्या प्रतिमेचीच थट्टा केली आहे. पेगी विनोदाकडून भारदस्तपणाकडे जाऊन स्वत्व गमावते. मेरियनला तो भारदस्तपणा आरंभीच बहाल झाला होता.

बोलपटांच्या काळातही, बोलण्यात अडखळण्याचा दोष असताना, ती १९३७ पर्यंत काम करीत राहिली. हर्स्ट आर्थिक संकटात सापडले तेव्हा तिने त्यांना दहा लक्ष डॉलर उभे करून दिले. परंतु १९४१ साली आलेल्या 'सिटिझन केन'मधील सुझन अलेक्झांडर ही धनिकाने बळेच पुढे आणलेली सामान्य कुवतीची गायिका म्हणजे मेरियनच, असा समज रूढ झाला. १९७५ साली तिच्या मरणोत्तर आठवणी ग्रंथरूप झाल्या. त्यांच्या प्रास्ताविकात ऑर्सन वेल्स यांनीच हे साम्य नाकारले व तिच्या विनोदी प्रतिभेची ग्वाही दिली.

तोवर फार उशीर झाला होता. हर्स्ट यांच्या आश्रयाने तिला प्रसिद्धी दिली. तिच्या गुणांविषयीचा संशयही त्याच आश्रयाने निर्माण केला. म्हणून तिचे मूल्यमापन सुझनवरून नव्हे, पेगीवरून व्हावयास हवे.