रॉबर्ट गिल

मेजर रॉबर्ट गिल (१८०४ – १८७९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी, चित्रकार आणि छायाचित्रकार होते. अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रमाणावर प्रती करणारे ते पहिले चित्रकार होत. या कामासाठी १८४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढील आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी अजिंठा गाव आणि परिसरात घालवला. त्यांनी रंगवलेल्या बहुसंख्य प्रती १८६६ मध्ये लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. जोडकाम म्हणून हाती घेतलेली छायाचित्रे मात्र ग्रंथरूपाने व संग्रहांतून टिकून राहिली. अजिंठा, लोणार आणि परिसरातील प्राचीन वास्तूंच्या आद्य छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. त्यांचे दफन खानदेशातील भुसावळ येथे झाले.

पार्श्वभूमी

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरील कड्यात कोरलेली आहेत. १८१९ मध्ये मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोचला आणि लेण्यांची वार्ता युरोपीय अभ्यासकांपर्यंत गेली. त्या काळी अजिंठा गाव व लेणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, तर घाटाखालचा खानदेश १८१८ पासून इंग्रजांच्या ताब्यात आला होता. लेण्यांसमोरून वाहणारी वाघूर पुढे खानदेशात उतरते आणि नशिराबादच्या पूर्वेकडून, जळगाव व भुसावळ यांच्या दरम्यान वाहत जाऊन तापीला मिळते. संस्थानाच्या सीमेवर असले तरी भूगोलाच्या दृष्टीने अजिंठ्याचा संबंध खानदेशाशीच अधिक जवळचा होता.

स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्गसन यांनी १८३९ मध्ये अजिंठ्याला भेट दिली. भित्तिचित्रांची होत असलेली पडझड त्यांच्या लक्षात आली. १८४३ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांविषयी निबंध वाचला. ओल, वटवाघळे, धूर आणि भेट देणाऱ्यांचे हात यांमुळे चित्रे झपाट्याने नाहीशी होत होती; त्यामुळे त्यांच्या विश्वासार्ह प्रती तातडीने करून घ्याव्यात, अशी विनंती सोसायटीने कंपनीच्या संचालकांना केली. संचालकांनी ती मान्य केली.

नेमणूक व चित्रप्रती

गिल तरुण वयात कंपनीच्या सैन्यात दाखल झाले होते आणि मद्रासच्या ४४ व्या देशी पायदळ पलटणीत होते. चित्रकलेतील त्यांच्या हातोटीमुळे १८४४ मध्ये अजिंठ्याच्या कामासाठी त्यांची निवड झाली. त्या वेळी ते कॅप्टन होते. पुढे ते मेजर झाले. अजिंठा गावातील बारादरी या जुन्या वास्तूत त्यांनी मुक्काम केला. तेथून लेण्यांपर्यंत घाट उतरून जावे लागे.

भित्तिचित्रांची प्रत करणे हे अत्यंत किचकट काम होते. चित्रे प्रामुख्याने १, २, १६ व १७ या क्रमांकांच्या विहारांत आहेत. या विहारांत प्रकाश केवळ दर्शनी ओसरीतून व दारांतून येतो आणि आतील भिंतींपर्यंत पोचेपर्यंत तो मंद होतो. अनेक ठिकाणी रंगाचा थर पापुद्र्यासारखा सुटलेला होता, तर कित्येक जागी काजळी साचली होती. छतावरील चित्रांसाठी उंच मचाण बांधावे लागे. गिल यांनी मोठ्या आकाराच्या कापडावर तैलरंगात प्रती रंगवल्या. आजारपण, उन्हाळ्याची झळ आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे कामात वारंवार खंड पडत असे. १८६३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे, हे काम चालले.

तयार झालेल्या प्रती टप्प्याटप्प्याने लंडनला पाठवल्या गेल्या. अजिंठ्याच्या चित्रांची पहिली ठळक ओळख युरोपातील वाचकांना त्यांच्यावरूनच झाली. १८५६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीमती स्पीअर यांच्या प्राचीन भारतविषयक ग्रंथात गिल यांच्या प्रतींवरून केलेली काही लहान रेखाचित्रे छापलेली आहेत.

छायाचित्रणाकडे वळण

भारतात छायाचित्रणाची सुरुवात १८४० च्या दशकात झाली असली, तरी त्याला संस्थात्मक रूप पुढील दशकात मिळाले. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत या कलेचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील मुंबईचे नामांकित छायाचित्रकार होते. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईत छायाचित्रांचे एक मासिक प्रकाशित केले. शहरातील इमारती, निरनिराळ्या जातिजमातींचे लोक, त्यांचे पोशाख आणि धंदे हे त्याचे विषय होते. अशा रीतीने वास्तू आणि दैनंदिन जीवन यांची नोंद ठेवण्याचे साधन म्हणून कॅमेरा महानगरात रुजला.

याच सुमारास कंपनी सरकारचे धोरणही बदलले. हाताने रेखाटने करून घेण्यास वेळ व पैसा फार लागत असे. त्यामुळे प्राचीन वास्तूंच्या नोंदीसाठी यापुढे छायाचित्रणाचा वापर करावा, असे संचालकांनी १८५५ मध्ये सुचवले. मुंबई सरकारने त्यासाठी कॅप्टन थॉमस बिग्ज आणि त्यांच्यानंतर डॉ. विल्यम पिगू यांची योजना केली. गिल यांच्याकडे कॅमेरा १८५६ च्या सुमारास आला. मुंबईतील छायाचित्रकारांना स्टुडिओ, रसायनांची दुकाने आणि समव्यवसायी सहज उपलब्ध होते. अजिंठ्यात यांपैकी काहीही नव्हते. सर्व सामग्री दूरवरून मागवावी लागे.

तंत्र व मर्यादा

त्या काळी कोलोडियनची ओली काच वापरण्याची पद्धत प्रचलित होती. स्वच्छ काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतून ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवली जाई. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र टिपावे लागे आणि ती वाळण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूत नेऊन रसायनांनी धुवावी लागे. उष्ण व कोरड्या हवेत हा थर लवकर सुके. साहजिकच काचा, बाटल्या, पाणी आणि तंबू असा सर्व सरंजाम दरवेळी चित्राच्या जागेपर्यंत न्यावा लागे.

या रासायनिक थराला निळ्या रंगाचा प्रकाश चटकन जाणवे, तर तांबडा व पिवळा प्रकाश जवळजवळ जाणवतच नसे. अजिंठ्याच्या चित्रांत गेरू, पिवळी माती आणि तपकिरी छटा यांचे प्राबल्य आहे. त्यामुळे ही चित्रे छायाचित्रात काळपट व अस्पष्ट उमटत. त्यात लेण्यांतील अपुऱ्या प्रकाशाची भर पडे. रंगीत भिंतींची नोंद करण्यास त्या वेळचा कॅमेरा असमर्थ होता. तेथे कुंचल्याला पर्याय नव्हता.

कोरीव दगडाच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट होती. चैत्यगृहाची घोड्याच्या नालेसारखी कमान, खांबांवरील वेलबुट्टी, ओसरीतील मूर्ती आणि स्तूपावरील छत्रावली यांचा उठाव उजेड व सावलीच्या खेळातून कॅमेऱ्यात स्पष्ट उतरे. कडा वळणदार असल्याने प्रत्येक लेण्याच्या दर्शनी भागावर ऊन वेगवेगळ्या वेळी पडते. त्यानुसार वेळ साधावी लागे. १९ व्या क्रमांकाच्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग हा गिल यांच्या छायाचित्रांचा एक महत्त्वाचा विषय आहे.

गिल यांनी अनेक दृश्ये जोडचित्रांच्या स्वरूपात टिपली. दोन डोळ्यांमधील अंतराइतक्या फरकाने घेतलेली दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोप या दर्शकातून पाहिली असता दृश्याला खोली आल्याचा भास होतो. एकामागे एक उभ्या असलेल्या खांबांच्या रांगा आणि त्यांच्यापलीकडील गाभारा दाखवण्यास ही पद्धत विशेष उपयुक्त ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा दर्शक युरोपातील सुखवस्तू घरांत लोकप्रिय होता.

अजिंठ्याबाहेरील काम

गिल यांनी आपले काम अजिंठ्यापुरते मर्यादित ठेवले नाही. लोणार येथील दैत्यसूदन मंदिरासह मराठवाडा व वऱ्हाडच्या सीमेवरील हेमाडपंती मंदिरे आणि मुसलमानी अमलातील वास्तू यांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली. वेरूळच्या प्रसिद्ध लेण्यांच्या तुलनेत ही मंदिरे तेव्हा अभ्यासकांना फारशी परिचित नव्हती. त्यांपैकी काहींची पुढे पडझड किंवा दुरुस्ती झाल्याने ही छायाचित्रे तुलनेसाठी मोलाची ठरतात.

गिल हे नावाजलेले शिकारीही होते आणि शिकार केलेल्या प्राण्यांची चित्रेही त्यांनी टिपली. त्या काळी चित्र उमटण्यास काही सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असल्याने हलणारा जिवंत प्राणी टिपणे अवघड होते. अजिंठ्याच्या डोंगरात तेव्हा असलेल्या वन्यजीवनाची कल्पना या चित्रांवरून येते.

ग्रंथ

१८६४ मध्ये गिल यांच्या छायाचित्रांचे दोन ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींचा मजकूर फर्गसन यांनी लिहिला.

'द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया' या ग्रंथात ७४ छायाचित्रे आहेत. भारतातील लेण्यांविषयी छायाचित्रांच्या आधारे सिद्ध झालेल्या सुरुवातीच्या ग्रंथांपैकी हा एक आहे.

'वन हंड्रेड स्टिरिओस्कोपिक इलस्ट्रेशन्स ऑफ आर्किटेक्चर अँड नॅचरल हिस्टरी इन वेस्टर्न इंडिया' या दुसऱ्या ग्रंथात नावाप्रमाणे वास्तू व निसर्ग या दोन विषयांवरील शंभर जोडचित्रे आहेत.

पानावर छायाचित्र छापण्याचे तंत्र तेव्हा प्रगत नव्हते. त्यामुळे अशा ग्रंथांत कागदावर उतरवलेले प्रत्येक छायाचित्र स्वतंत्रपणे चिकटवले जाई. भारतीय स्थापत्याच्या इतिहासाचे लेखन करताना फर्गसन यांनी छायाचित्रांवर मोठी भिस्त ठेवली. वास्तूंची कालक्रमानुसार तुलना करण्याची त्यांची पद्धत छायाचित्रे एकत्र ठेवून पाहता आल्यामुळेच शक्य झाली. गिल यांचे काम या पद्धतीच्या पायाभूत सामग्रीपैकी होते.

आग व हानी

गिल यांच्या चित्रप्रती लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहात मांडल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी या इमारतीला आग लागली आणि तेथील जवळजवळ सर्व प्रती जळून गेल्या. या प्रतींची छायाचित्रे वा छापील आवृत्ती पुरेशा प्रमाणात तयार झालेली नव्हती. आगीतून वाचलेली मोजकी चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

ही हानी केवळ एका चित्रकाराच्या श्रमांची नव्हती. गिल यांनी प्रती केल्या तेव्हा भिंतींवर असलेला चित्रांचा काही भाग नंतरच्या दशकांत झडून गेला. त्या भागांचे पुरावे आगीबरोबर नाहीसे झाले.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून अजिंठ्याच्या प्रती पुन्हा करण्यास सुरुवात केली. त्यांपैकीही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. मात्र ग्रिफिथ्स यांचे काम १८९६–९७ मध्ये दोन खंडांत छापले गेल्याने त्याची नोंद उरली. त्यानंतर लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस प्रभृती भारतीय चित्रकारांच्या साहाय्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीस नव्या प्रती केल्या. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० पासून रंगीत छायाचित्रांसह अजिंठ्यावरील ग्रंथमाला प्रसिद्ध केली. ज्या रंगीत भिंती गिल यांच्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर होत्या, त्या अशा रीतीने अखेर छायाचित्रणाच्या कक्षेत आल्या.

वैयक्तिक जीवन

गिल विवाहित होते. अजिंठ्यातील वास्तव्यात पारो या स्थानिक स्त्रीशी त्यांचा सहवास होता. तिचा मृत्यू २३ मे १८५६ रोजी झाला. गिल यांनी बांधलेली तिची समाधी अजिंठा गावात असून तिच्यावरील इंग्रजी लेखात तिचे नाव व मृत्युदिनांक कोरलेला आहे.

गिल आणि पारो यांच्या संबंधांवर परिसरात अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. पारोची जात, तिचा लेण्यांच्या कामातील सहभाग आणि गावकऱ्यांचा विरोध यांविषयीच्या कथांचे स्वरूप लोककथांचे आहे. कवी ना. धों. महानोर यांनी या विषयावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले. त्यावर आधारित, नितीन चंद्रकांत देसाई दिग्दर्शित 'अजिंठा' हा मराठी चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. या कलाकृतींमुळे गिल यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले. मात्र त्यांतील प्रसंग इतिहास म्हणून स्वीकारता येत नाहीत.

मृत्यू

आगीनंतरही गिल अजिंठा परिसरातच राहिले आणि लेण्यांशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत टिकून होता. रेल्वे आल्यानंतर भुसावळ हे खानदेशातील महत्त्वाचे जंक्शन झाले होते आणि तेथे युरोपीय कर्मचाऱ्यांची वस्तीही वाढली होती. एप्रिल १८७९ मध्ये गंभीर आजारी असताना त्यांना उपचारांसाठी भुसावळकडे नेण्यात आले. त्याच सुमारास त्यांचा मृत्यू झाला. भुसावळ येथील युरोपीय दफनभूमीत त्यांची कबर आहे.

महत्त्व

गिल यांच्या कार्याचे मूल्यमापन दीर्घकाळ नष्ट झालेल्या चित्रप्रतींच्या संदर्भातच झाले. अलीकडच्या काळात छायाचित्रणाच्या इतिहासाचे अभ्यासक त्यांच्या छायाचित्रांकडे स्वतंत्र दृष्टीने पाहू लागले आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील संग्रहात त्यांची अनेक छायाचित्रे जतन केलेली आहेत. पुरातत्त्व खात्याने केलेल्या दुरुस्त्या, आधारखांब आणि पायवाटा यांच्यापूर्वी लेणी व मंदिरे कशी दिसत होती, हे त्यांवरून समजते. एकमेव प्रत असलेले चित्र एका आगीत संपले. एका काचेवरून अनेक प्रती निघू शकणारे छायाचित्र निरनिराळ्या ग्रंथालयांत उरले. वास्तूंच्या नोंदी जपताना त्यांच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असणे किती आवश्यक आहे, याचे गिल यांचे कार्य हे ठळक उदाहरण मानले जाऊ शकते.