यशवंताची आई

विद्यार्थिमित्रांनो, सावित्रीबाई फुले यांना आपण मुलींच्या आद्य शिक्षिका म्हणून ओळखतो. परंतु पोरक्या बालकांसाठी त्यांनी केलेले कार्यही तितकेच थोर आहे.

सातारा जिल्ह्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीराव फुल्यांशी विवाह झाला. जोतीरावांची आई त्यांच्या बालपणीच निवर्तली होती. सगुणाबाई नावाच्या नातलग स्त्रीने त्यांना वाढविले. पोरकेपण म्हणजे काय, हे त्या घराला ठाऊक होते.

त्या काळी ब्राह्मण विधवेला पुनर्विवाहाची वाट रूढीने बंद होती. एखादीचे पाऊल घसरले, वा कोणी तिला फसविले, तर लोकलज्जेस्तव ती गर्भपाताची जहाल औषधे घेई, किंवा नवजात बाळाचा जीव घेतला जाई. १८६३ मध्ये या दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि हवे तर मूल ठेवून जावे, अशी सोय होती. १८८४ पर्यंत सुमारे ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या. त्यांची ३० मुले दगावली, केवळ ५ जगली. मातांनी आधीच घेतलेल्या औषधांनी गर्भातच त्यांना इजा झाली होती, असे जोतीरावांनी नमूद केले आहे.

इतकी बालके हातची गेली, तरी सावित्रीबाईंनी ते काम सोडले नाही. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. नुसते दूध-अन्न न देता त्याला आपले नाव, घर आणि विद्या दिली. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. १९९४ मध्ये आपल्या सुरतेत प्लेगच्या भीतीने किती माणसे शहर सोडून गेली, हे डिंडोलीतील वडीलधारे सांगतील. सावित्रीबाई मात्र रुग्णांना शोधून यशवंताच्या दवाखान्यात आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. तो वाचला, त्यांना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९०५ मध्ये यशवंतरावांनाही प्लेगनेच नेले.

मित्रांनो, आपल्या वर्गातही मामा-काकांकडे किंवा वसतिगृहात राहून शिकणारी मुले असतील. औषधाने ताप उतरतो. परंतु आपले म्हणणारे कोणी असल्यावाचून मुलाचे मन निकोप राहत नाही. त्यांना आईबापांविषयी टोचून विचारू नये. डबा खाताना शेजारी बसवावे. एवढे तर आपल्याला आजच करता येईल.