लग्नात ‘सावधान’ ऐकून पळालेल्या नारायणाने आयुष्यभर जागल कशी केली?

२२ ऑगस्ट २०२२. श्रावणातला सोमवार. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे गाव सकाळी उठलं ते एका वाईट बातमीने. समर्थ रामदासांच्या घराण्यातल्या राममंदिरातून पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. गावात संताप उसळला, विषय विधानसभेपर्यंत पोहोचला. पोलिसांनी माग काढला आणि सुमारे दोन महिन्यांनी मूर्ती सापडल्या.

मूर्ती मिळाल्या म्हणून गावाने सुटकेचा श्वास सोडला. पण ज्या माणसाने जन्मभर लोकांना जागं राहायला शिकवलं, त्याच्याच घरातले देव रात्रीतून गेले होते. ही गोष्ट अनेकांच्या मनाला लागून राहिली.

हा माणूस कोण होता आणि जागं राहणं त्याच्यासाठी एवढं महत्त्वाचं का होतं, हे समजून घ्यायचं तर चारशे वर्षं मागे जावं लागतं.

कुलकर्ण्याच्या घरातला नारायण

शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८. चैत्र शुद्ध नवमीला, रामजन्माच्या दिवशी, जांबमध्ये सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांना दुसरा मुलगा झाला. नाव ठेवलं नारायण. थोरला मुलगा गंगाधर. पुढे तोही ‘श्रेष्ठ’ म्हणून ओळखला गेला.

सूर्याजीपंतांकडे गावचं कुलकर्णीपद होतं. जमिनीच्या आणि वसुलीच्या नोंदी ठेवणारं हे घर, त्यामुळे गावगाडा कसा चालतो हे नारायणाने अगदी जवळून पाहिलं असणार.

त्या काळी गावाची राखण कशी होत होती? ना सायरन, ना पोलीस ठाणं. वेशीवर वेसकर असायचा, रात्री जागल्या गस्त घालायचा. चोरी झालीच तर जागल्याने चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर जायची. माग गावातच हरवला तर नुकसान भरून देण्याची वेळ जागल्यावर आणि गावावर येऊ शकत होती. म्हणजे चोरी ही एकट्या घरमालकाची भानगड नव्हती, त्याचा हिशेब सगळ्या गावाला द्यावा लागायचा.

पण एक गाव कितीही जागं राहिलं तरी फौजांपुढे काय करणार? हा मुलूख निजामशाही आणि मोगल यांच्या ओढाताणीत सापडला होता. १६१६ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या रोशनगावजवळ मलिक अंबरचा मोगलांनी पराभव केला आणि त्याने वसवलेली खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, जाळून उद्ध्वस्त केली. तेव्हा नारायण आठ वर्षांचा होता. त्याच्या थोडं आधीच वडील गेले होते.

परंपरा सांगते, की याच वयात एकदा नारायण घरात कुठेच सापडेना. शोधाशोध झाली आणि तो अडगळीच्या अंधाऱ्या फडताळात विचार करत बसलेला दिसला. काय करतोस, असं आईने विचारल्यावर आपण साऱ्या जगाची काळजी करतोय, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं.

बोहल्यावरून टाकळीला

नारायण बारा वर्षांचा झाला आणि आईने त्याचं लग्न ठरवलं. स्थळ जवळच्या आसनगावचं. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि भटजींनी ‘सावधान’ म्हटलं.

हा शब्द आजही प्रत्येक मराठी लग्नात कानावर पडतो आणि कुणी त्याचा अर्थ मनावर घेत नाही. नारायणाने घेतला. परंपरेनुसार तो त्याच क्षणी मांडवातून निघून गेला.

पायी चालत त्याने नाशिकची पंचवटी गाठली. नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावरचं टाकळी हे पुढची बारा वर्षं त्याचं ठिकाण झालं. पहाटे नदीच्या पाण्यात उभं राहून जप, दुपारी भिक्षा, मग ग्रंथांचं वाचन आणि लेखन. जोडीला सूर्यनमस्कार आणि व्यायाम. पहिला शिष्य उद्धव त्यांना इथेच मिळाला. टाकळीचा मारुती त्यांनी शेणाचा बनवला, असं सांगतात. म्हणूनच तो गोमय मारुती म्हणून ओळखला जातो.

बारा वर्षं पायी देश पाहिला

१६३२ च्या सुमारास रामदास टाकळीहून निघाले. पुढची बारा वर्षं त्यांनी भारतभर पायी प्रवास केला.

काळ भयंकर होता. १६३० पासूनच्या दुष्काळाने दख्खन आणि गुजरात होरपळून गेले होते. गावंच्या गावं ओस पडली होती, माणसं अन्नासाठी देशोधडीला लागली होती. त्यात फौजांची ये-जा, लूट आणि जाळपोळ. रामदासांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांच्या लेखनात लोकांच्या या हालांची वर्णनं आली.

संकट येतं हे जितकं खरं, तितकंच ते यायच्या आधी कुणी तयार नसतं हेही खरं, असा धडा या प्रवासातून निघत होता. विखुरलेला, घाबरलेला, स्वतःपुरतं पाहणारा समाज कुठल्याच संकटाला तोंड देऊ शकत नाही.

१६४४ च्या सुमारास ते पैठणमार्गे जांबला परतले. चोवीस वर्षांनी आई भेटली. मुलाच्या वाटेकडे डोळे लावून राणूबाईंची दृष्टी गेली होती आणि ती या भेटीत परत आली, अशी श्रद्धा आहे. पण रामदास घरी राहिले नाहीत. आईचा निरोप घेऊन ते कृष्णेच्या खोऱ्यात उतरले.

अकरा मारुती कशासाठी?

मसूर, शहापूर, उंब्रज, चाफळ. तेव्हा आदिलशाहीच्या अमलाखाली असलेल्या या पट्ट्यात रामदासांनी काम सुरू केलं. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभं राहिलं. तिथली राममूर्ती अंगापूरजवळ कृष्णेच्या डोहातून मिळाली, असं मानतात.

याच काळात त्यांनी ते प्रसिद्ध अकरा मारुती स्थापन केले. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन मिळून आजच्या सातारा जिल्ह्यात सात, सांगलीत बहे-बोरगाव आणि शिराळा, कोल्हापुरात मनपाडळे आणि पारगाव.

मारुतीच का, याचं कारण सोपं होतं. मारुती म्हणजे ताकद, चपळाई आणि न झोपणारी सेवा. मारुतीचं देऊळ आलं की पोरं जमायची. सूर्यनमस्कार, जोर-बैठका, कुस्ती सुरू व्हायची. चार धडधाकट माणसं रोज एका जागी भेटली की गावाला आपोआप राखणदार मिळतात.

देवळांच्या जोडीला त्यांनी मठांचं जाळं उभारलं. शिष्य भिक्षेसाठी घरोघर जायचे. भिक्षा म्हणजे नुसतं पोट भरणं नव्हतं. कोणत्या घरात काय चाललंय, गावात कसली अडचण आहे, लोक काय बोलतात, हे सगळं त्यातून कळायचं.

विशेष म्हणजे या कामात बायकाही होत्या. मिरजेचा मठ वेणाबाईंनी सांभाळला. त्या स्वतः कीर्तन करायच्या. अक्काबाईंकडे तर पुढे संप्रदायाच्या मुख्य ठाण्याचाच कारभार आला. सतराव्या शतकात विधवा स्त्रीने उभं राहून कीर्तन करणं ही साधी गोष्ट नव्हती.

दासबोधात सावधपणाचा नंबर तिसरा

आजच्या रायगड जिल्ह्यात महाडजवळ शिवथरघळ आहे. या घळीत १६५४ मध्ये दासबोधाचं लेखन सुरू झालं, असं मानलं जातं. समर्थ सांगायचे आणि कल्याणस्वामी लिहून घ्यायचे. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, असे एकूण २०० समास.

या ग्रंथात अध्यात्म आहेच, पण चांगलं अक्षर कसं काढावं, मूर्ख कुणाला म्हणावं, माणसं कशी जोडावीत हेही आहे. समाजात काम करणाऱ्यासाठी त्यांनी चार गोष्टी क्रमाने सांगितल्या आहेत. पहिली हरिकथा, दुसरी राजकारण, तिसरी सगळ्या बाबतीत सावधपणा आणि चौथी सतत प्रयत्न.

बोहल्यावर ऐकलेला शब्द इथे शिकवण होऊन आला. सावधपणा म्हणजे भीती नव्हे. जे होऊ शकतं त्याचा आधी विचार करून ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ.

शिवरायांचं राज्य आणि आगीची ठिणगी

शिवाजी महाराज आणि समर्थ यांची पहिली भेट कधी झाली, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. सांप्रदायिक परंपरा १६४९ सांगते, तर अनेक इतिहासकार १६७२ च्या आसपासचा काळ मानतात. गुरू-शिष्य नात्यावरही मतभेद आहेत. पण शेवटच्या दशकात दोघांचा संबंध होता, हे कागदपत्रांवरून दिसतं.

स्वराज्यात सावधपणा नुसता उपदेशात राहिला नव्हता, तो हुकुमात उतरला होता. १६७४ मध्ये महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात गवताच्या गंजीजवळ कुणी चूल पेटवेल, कुणी चिलीम ओढेल, वाऱ्याने ठिणगी उडेल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, अशी एकेक शक्यता मोजून दाखवली आहे. गवत जळालं तर घोडी मरतील, म्हणून आधीच खबरदारी घ्या, असा त्याचा रोख आहे. आगीबाबतच्या नियमांचं मराठीतलं हे फार जुनं आणि नेमकं उदाहरण आहे.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडावरचा दारूखाना घरांपासून लांब ठेवावा, अशी सूचना आली.

सज्जनगडावरचा शेवट

परळीचा किल्ला १६७३ मध्ये स्वराज्यात आला. १६७६ मध्ये समर्थ तिथे राहायला गेले. त्यांची नीट व्यवस्था ठेवावी, असं पत्र महाराजांनी गडाचे हवालदार जिजोजी काटकर यांना पाठवलं होतं. हाच किल्ला सज्जनगड झाला.

१६८० मध्ये महाराज गेले. त्यानंतर दोन वर्षांत, शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, समर्थांनी गडावर देह ठेवला. हीच दासनवमी. तंजावरहून घडवून आणलेल्या राम, लक्ष्मण, सीता आणि मारुतीच्या मूर्ती त्याआधी काही दिवस गडावर पोहोचल्या होत्या.

१७०० मध्ये मोगलांनी सज्जनगड घेतला. गड पडायच्या आधीच अक्कांनी या मूर्ती वासोट्याकडे सुरक्षित हलवल्या, असं परंपरा सांगते. धोका दारात यायची वाट त्यांनी पाहिली नाही.

मग आज जागल कुणाची?

आता जागल्याचं काम कायदा आणि यंत्रणांकडे आलं आहे. आगीसाठी राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. हा कायदा लागू असलेल्या इमारतींत अलार्मसह अग्निशमन यंत्रणा बसवणं आणि ती चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. अशी सहामाही तपासणी चोरीच्या सायरनला किंवा सीसीटीव्हीला लागू नाही. तिथे बराचसा भार देवस्थान आणि गावावरच पडतो.

गावाच्या हातात काय आहे? महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. गावात पोलीस पाटील आहे. राज्यातल्या अनेक गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा घेतली आहे. चोर आले, आग लागली की नोंदणी केलेल्या गावकऱ्याने एक टोल फ्री नंबर फिरवायचा आणि त्याचा आवाज एकाच वेळी गावातल्या सगळ्या नोंदणीकृत मोबाइलवर जातो. जागल्याच्या आरोळीचंच हे नवं रूप.

आणि मूर्तींसाठी सगळ्यात स्वस्त उपाय आहे नोंद. १०० वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि तिची फोटोसह नोंदणी करता येते. उंची, वजन, धातू, खुणा यांची नोंद असेल तर चोरीनंतर मूर्ती ओळखणं सोपं जातं आणि ती विकणं अवघड होतं.

जांबमध्ये कुलकर्ण्याच्या घरातला मुलगा लहानपणी नोंदी पाहतच मोठा झाला होता. मोठेपणी त्याने गावोगावी माणसं जमवली आणि त्यांना जागं राहायला शिकवलं. चारशे वर्षांनी त्याच गावाला मूर्ती परत मिळाल्या त्या चोरांचा माग निघाला म्हणून. माग काढायची वेळच येऊ नये, यासाठीची तयारी मात्र चोरीच्या आधीच्या रात्रीच करावी लागते.